कुरणाचे वय (विदर्भ)

कुरणाचे वय म्हणजे जमिनीत शेवटचा नांगर फिरल्यापासून गेलेली वर्षे. विदर्भातले एखादे पडीत दोनच पावसाळ्यांचे असते, तर गावाच्या ई-क्लास जमिनीला (गुरचराईसाठी राखलेल्या सरकारी जमिनीला) नांगर लागल्याचे म्हाताऱ्यांनाही आठवत नाही. त्यानुसार गवतांच्या जाती बदलतात. मात्र चराई वयाचा हिशेब सहज उलटवते.

पडीत टाकलेल्या वावरात आधी तरोटा आणि एकवर्षायू गवते माजतात. हरळी आणि कुंदा तर तिथे शेतीपासूनच असतात. बहुवर्षायू गवतांचे थोंब (झुपके) सावकाश धरतात: ओल धरणाऱ्या काळ्या जमिनीत मारवेल, मुरमाड उतारावर शेडा. दबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ साली केलेल्या भारतातल्या गवताळ प्रदेशांच्या वर्गीकरणात हा भाग सेहिमा-डायकॅन्थियम, म्हणजे शेडा-मारवेल, या प्रकारात येतो.

गुरे आधी चवदार गवत खातात. बारमाही चराईत शेडा विरळ होतो, कुसळी हे टोचऱ्या बियांचे गवत वाढते आणि शेवटी अ‍ॅरिस्टिडासारखी खुरटी गवते उरतात. असे कुरण कितीही जुने असले तरी नव्या पडितासारखेच दिसते.

कुसळीची चिवट तग तिच्या बियात आहे. बियाची लांब शेपटी सुकली की पीळ घेते, दवाने भिजली की उलगडते. या फिरण्यातून टोकदार बी गिरमिटासारखे मातीत शिरते आणि उलट्या केसांमुळे बाहेर येत नाही. (दिवाळीनंतर पडितातून चालून आलेल्याच्या धोतरातही ते असेच शिरते.) उन्हाळ्यात वणवा वरून निघून जातो, बी खाली सुरक्षित राहते. म्हणूनच दरवर्षी पेटवलेल्या रानात कुसळीचे फावते.

चराई-कापणीवर कायमची बंदीही गवताला मानवत नाही. न कापलेल्या वाळक्या गवताखाली नवे फुटवे दबतात. पळस, बोर, घाणेरी शिरतात. बी झडल्यावर विळ्याने कापणी करणे कुरणाच्या सोयीचे. पण चारा सकस असतो तो फुलोऱ्यात, आणि गुरे पाळणाऱ्याची ओढ तिकडेच असते. कुरणाचे वाटे पाडून दरवर्षी एक वाटा बियासाठी राखला तर दोन्ही साधते.

फरक एकाच जातीतही दिसतो. चरून काढलेल्या जागी मारवेल जमिनीलगत पसरतो, राखलेल्या जागी उभा वाढतो. तो मुख्यतः अंडपेशीचे परागाशी मीलन न होताच बी धरतो, त्यामुळे रोपे बहुधा आईसारखीच निघतात आणि जागेला मानवलेला एकच वाण फैलावू शकतो. पसरटपणा वाणाचा की गुरांच्या तोंडाचा, हे दोन्हीकडचे थोंब एकाच वाफ्यात लावून, चरू न देता वाढवले की कळते.