व्हिनियर निघालं की तुटलं? दिसायला सारखं, पण दुखणं वेगळं

"डॉक्टर, माझं व्हिनियर गेलं" असा फोन आला की मी पहिला प्रश्न एकच विचारते, तुकडा ठेवलाय का जपून? कारण नक्की काय झालंय हे तोंडात बघून जेवढं कळतं त्यापेक्षा जास्त त्या तुकड्याच्या आतल्या बाजूवरून कळतं, आणि बरेच जण तो बेसिनमध्येच घालवतात नाहीतर टिश्यूत गुंडाळून टाकून देतात. लोकांच्या लेखी व्हिनियर निघणं आणि व्हिनियर तुटणं एकच, समोरचा दात उघडा पडला ना, बास. पण ही दोन वेगळी दुखणी आहेत, कारणं वेगळी आणि उपायही वेगळे, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला की पेशंट काही महिन्यांत परत त्याच खुर्चीत येऊन बसतो. पैसे जातात ते जातात, दर वेळी दात थोडा थोडा घासला जातो त्याचं मला जास्त वाईट वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

पोर्सिलेनचं व्हिनियर म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूवर चिकटवलेला पातळ पापुद्रा, जाडी साधारण ०.३ ते ०.७ मिलिमीटर. कॅप दाताला सगळीकडून टोपीसारखी धरून बसते, व्हिनियरला असं धरायला काही नसतं, ते निव्वळ चिकटलेलं असतं. चिकटवण्याआधी ते इतकं नाजूक असतं की हातात धरताना दाब जास्त झाला तर कट्कन मोडेल, आणि तेच नीट चिकटलं की वर्षानुवर्षं चावण्याचा जोर सहन करतं. दाताशी एकजीव झालेलं असणं हीच त्याची खरी ताकद, आणि बाकीचं सगळं इथूनच समजतं.

१९३० च्या दशकात चार्ल्स पिंकस नावाचे डेंटिस्ट हॉलिवूडच्या नटांसाठी असे पातळ दर्शनी मुखवटे करायचे, पण ते कवळी चिकटवायच्या पावडरीवर तात्पुरते बसवलेले असायचे, शूटिंग झालं की काढून ठेवायचे. कायमचं चिकटवायची सोयच नव्हती. १९५५ साली मायकेल बुओनोकोर यांनी दाखवलं की एनॅमलवर, म्हणजे दाताच्या वरच्या कडक आवरणावर, फॉस्फोरिक ॲसिड लावलं की त्यावर बारीक खडबडीतपणा येतो आणि रेझिन (चिकटवायचं प्लास्टिकसारखं द्रव्य) त्यात घट्ट पकडतं. मग १९८३ च्या सुमाराला सिमन्सन आणि कॅलामिया यांनी पोर्सिलेनची आतली बाजू हायड्रोफ्लुओरिक ॲसिडने खरवडून त्यावर सिलेन (पोर्सिलेन आणि रेझिनला जोडणारं रसायन) लावायची पद्धत पुढे आणली. म्हणजे व्हिनियरला सांधे दोन असतात, एक दात आणि सिमेंटमधला (सिमेंट म्हणजे चिकटवायचं रेझिनच), दुसरा सिमेंट आणि पोर्सिलेनमधला. यातला एखादा सुटला तर व्हिनियर निघतं. सांधे शाबूत असताना पोर्सिलेनच फुटलं तर ते तुटणं.

आता तुकडा हातात घेऊन बघूया. अख्खंच्या अख्खं व्हिनियर निघालंय, कडा शाबूत आहेत, दातही गुळगुळीत आणि स्वच्छ दिसतोय, आणि सिमेंटचा सगळा थर व्हिनियरच्या आत चिकटून आलाय, तर सांधा दाताच्या बाजूने सुटलाय. याच्या उलट सिमेंट सगळं दातावरच राहिलंय आणि व्हिनियरची आतली बाजू कोरी आहे, तर पोर्सिलेनच्या बाजूची तयारी कमी पडलीय. ही कोरी बाजू वाळवून उजेडात धरायची. ॲसिड नीट लागलं असेल तर ती धुरकट, मॅट, दहिवर पडल्यासारखी दिसते, आणि काचेसारखी चकचकत असेल तर ॲसिड लागलंच नाही किंवा पुरेसं लागलं नाही. कधी ॲसिड लागलेलं असतं, पण दातावर बसवून रंग बघताना आत लाळ लागते आणि ती साफ करून सिलेन परत लावायचं राहून जातं. आणि तिसरा प्रकार म्हणजे दातावर पोर्सिलेनचा पातळ थर तसाच घट्ट बसलेला आणि वरचा टवका तेवढा उडालेला. हे पेशंटला निघाल्यासारखंच वाटतं पण हे तुटणं आहे, इथे चिकटवणाऱ्याने काम चोख केलंय, सांधा पोर्सिलेनपेक्षा भारी ठरला.

निघण्यामागे सगळ्यात मोठं कारण माझ्या मते एकच, एनॅमल घासून टाकलेलं असणं. एनॅमल वजनाने जवळपास ९६ टक्के खनिज असतं, कोरडं, कडक, त्यावर ॲसिड लावून केलेलं बाँडिंग फार भरवशाचं. त्याच्या खालचं डेंटिन साधारण ७० टक्केच खनिज, बाकी कोलॅजेन आणि पाणी, त्यात बारीक नळ्या आणि त्या नळ्यांतून ओलावा येत राहतो. ओलसर भिंतीवर टाइल बसवल्यासारखं आहे ते, बसते पण कधी पोकळ वाजायला लागेल सांगता येत नाही. एका १२ वर्षांच्या अभ्यासात, कडा डेंटिनवर गेलेली व्हिनियर्स निकामी होण्याची शक्यता एनॅमलवाल्यांपेक्षा साधारण १० पट निघाली होती. आणि एनॅमल सगळीकडे जाड नसतं, हिरडीजवळ ते जेमतेम ०.३ ते ०.५ मिलिमीटर असतं, तिथे हात जरासा जड पडला की डेंटिन उघडं. वाकडे दात व्हिनियरनेच सरळ दाखवायचे म्हटलं की पुढे आलेला दात भरपूर घासावा लागतो, म्हणून अशा वेळी आधी ब्रेसेस किंवा अलाइनरने दात जागेवर आणा मग व्हिनियरचं बघू असं मी सांगते, लोकांना थांबायचं नसतं हे कळतं मला पण गेलेलं एनॅमल परत येत नाही.

बाकी कारणं चिकटवण्याच्या दिवसाची. रबर डॅम (लाळ अडवायला दातांभोवती लावायचा रबरी पडदा) न लावता काम केलं आणि हिरडीतून रक्त किंवा लाळ मध्ये आली, किंवा दात नुकतेच ब्लीच केलेत आणि लगेच बाँडिंग केलं (ब्लीचिंगमधला ऑक्सिजन दातात उरतो आणि रेझिन नीट घट्ट होऊ देत नाही, म्हणून साधारण दोन आठवडे थांबतात). झिर्कोनिया नावाच्या दुसऱ्या सिरॅमिकच्या व्हिनियरची गोष्ट आणखी वेगळी, त्यात काचेचा अंश नसल्याने हायड्रोफ्लुओरिक ॲसिडचा उपयोगच होत नाही, त्याला सँडब्लास्टिंग आणि वेगळा प्रायमर लागतो, आणि नेहमीच्या पोर्सिलेनसारखंच समजून चिकटवलं तर ते निघणारच.

तुटण्याची गोष्ट वेगळी. पोर्सिलेन दाबाला चांगलं, ताणाला आणि वाकण्याला कच्चं. सुरुवातीला त्यात डोळ्याला न दिसणारी बारीक चीर असते, रोजच्या चावण्याने आणि तोंडातल्या ओलाव्याने ती हळूहळू पुढे सरकते, आणि मग एके दिवशी मऊ काहीतरी खाताना टवका उडतो. पेशंट म्हणतात, मी तर काहीच कडक खाल्लं नव्हतं. खरं असतं त्यांचं, शेवटचा घास फक्त निमित्त.

माझ्याकडे एक जण आला होता, वरच्या पटाशीच्या दाताचा बाहेरचा कोपरा उडालेला, तिसऱ्यांदा. दुसरीकडे दर वेळी नवीन व्हिनियर करून दिलं होतं, शेवटच्या वेळी जास्त मजबूत मटेरियलचं. मी त्याच्या दातांमध्ये निळा कागद धरला आणि खालचा जबडा हळूच बाजूला सरकवायला सांगितला, तर खालचा सुळा सरळ त्या तुटलेल्या कोपऱ्यावर येऊन घासला, आणि त्या सुळ्याचं टोक झिजून आरशासारखं सपाट झालेलं. विचारलं तर बायको म्हणाली हो, झोपेत दात खातात, करकर ऐकू येते. तीन व्हिनियर्स झाली तरी हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता! त्याला चौथ्या व्हिनियरच्या आधी चावा जुळवून देणं आणि रात्री घालायला नाईट गार्ड, हे हवं होतं.

मटेरियलने फरक पडतो, नाही असं नाही. जुन्या फेल्डस्पॅथिक पोर्सिलेनची वाकण्यातली ताकद साधारण ६० ते १०० मेगापास्कल, लिथियम डायसिलिकेटची म्हणजे ई-मॅक्स वगैरेची ३६० च्या वर. म्हणून तुटण्याच्या केसमध्ये मटेरियल बदलण्याला अर्थ आहे. पण निघण्याच्या केसमध्ये "यापेक्षा स्ट्राँग मटेरियल टाका" म्हणणं म्हणजे टाइल पडली म्हणून जाड टाइल आणण्यासारखं, भिंत तीच ओली.

आता गुंता कुठे होतो तर दोन्ही एकमेकांत मिसळतात तेव्हा. सांधा एका कोपऱ्यात आधी सुटतो, वरून काही दिसत नाही, फार तर कडेला तपकिरी रेष येते, आणि तेवढ्या भागात पोर्सिलेन अधांतरी राहतं. मग तो भाग तुटतो. तुकडा बघितला तर तुटलंय असंच वाटणार, पण सुरुवात सुटण्यापासून झालेली. तसंच खाली डेंटिन जास्त असेल तर ते एनॅमलपेक्षा बरंच लवचिक असतं (एनॅमलची ताठरता ८० गिगापास्कलच्या आसपास, डेंटिनची २० च्या आत), दात जोराखाली किंचित वाकतो आणि वरचं पोर्सिलेन वाकू शकत नाही म्हणून त्याला तडा जातो. म्हणजे एनॅमल घासण्याची शिक्षा दोन्हीकडून मिळते. म्हणून तुटलेल्या तुकड्याची पण आतली बाजू बघायची, एका भागात डाग आणि एका भागात स्वच्छ असेल तर डागाच्या बाजूला लाळ आधीपासून शिरत होती हे समजायचं.

टिकतात किती हा प्रश्न तर रोजचा. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या २०१२ च्या अभ्यासात १० वर्षांनी सुमारे ९३ टक्के आणि २० वर्षांनी सुमारे ८३ टक्के व्हिनियर्स टिकली होती, दात खाणाऱ्यांत आणि नस मेलेल्या दातांवर मात्र जास्त निकामी झाली. तिकडे इंग्लंड आणि वेल्सच्या सरकारी सेवेतल्या नोंदींत १० वर्षांत परत काहीच करावं लागलं नाही अशी व्हिनियर्स ५३ टक्केच होती. मोजायची पद्धत वेगळी आहे हे खरं, पण रोजच्या क्लिनिकमधलं चित्र दुसऱ्या आकड्याच्या जवळ असू शकतं हे पेशंटला सांगायलाच हवं. एकंदर अभ्यासांत तुटणं किंवा टवका उडणं निघण्यापेक्षा जास्त वेळा दिसतं.

हिरडी मागे सरकून कड उघडी पडणं, कडेला कीड लागणं, हे पण होतं, पण तेव्हा व्हिनियर जागेवरच असतं त्यामुळे गोंधळ होत नाही.

अख्खं निघालेलं व्हिनियर बहुतेक वेळा साफ करून, परत ॲसिड आणि सिलेन करून तेच बसवता येतं, ही चांगली बातमी. छोटा टवका असेल तर घासून पॉलिश करतात किंवा कंपोझिटने (दाताच्या रंगाच्या फिलिंगने) भरतात, मोठा तुकडा किंवा मधून तडा असेल तर नवीनच करावं लागतं, आणि ते करण्याआधी चावा तपासून घ्यायचा.

घरी एवढंच करा, तुकडा धुऊन छोट्या डबीत ठेवा, खिशात किंवा टिश्यूत नको, आणि फेविक्विक किंवा सुपरग्लू लावून स्वतः चिकटवू नका. तो गोंद आतल्या बारीक खाचांमध्ये जाऊन बसतो, व्हिनियर केसभर तिरकं बसलं तरी चावताना तेच आधी टेकतं आणि तुटतं, आणि माझ्याकडे येईपर्यंत आतली बाजू गोंदाने भरलेली असते, मग सांधा कुठून सुटला होता हे मला कितीही उजेडात धरून बघितलं तरी दिसत नाही.