पार्श्वभूमी : ॲमस्टरडॅममधली खोली इतकी महाग का?

ॲमस्टरडॅममध्ये राहायची जागा शोधायला बसलं की पडद्यावर एक चमत्कारिक यादी येते. कालव्याकाठच्या जुन्या वाड्यातली खोली, पाण्यावर तरंगणारी हाउसबोट, कुणाच्या तरी घरातली वरच्या मजल्यावरची खोली, पूर्ण रिकामं घर, आणि स्टेशनपासून लांब एखाद्या ऑफिसांच्या वस्तीतलं चकचकीत साखळी हॉटेल. दर पाहिले तर लंडनशी बरोबरी करणारे. हे सगळं मागणी-पुरवठ्याने ठरलं असावं असं वाटतं, पण कुठे कोणत्या प्रकारची खोली मिळते आणि किती रात्री मिळते, यातलं बरंचसं गेल्या वीस वर्षांत तिथल्या नगरपालिकेने, न्यायालयांनी आणि थोडंफार संसदेने ठरवलेलं आहे.

जुना भाग थोडक्यात. कालव्यांचं प्रसिद्ध वर्तुळ खणायला १६१३ साली सुरुवात झाली, आणि २०१० मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं. अरुंद दर्शनी भाग, शिडीसारखा उभा जिना आणि सामान वर ओढायला छपराखाली लोखंडी आकडा ही या घरांची ठेवण व्यापाऱ्यांसाठी होती. आज त्यांतल्या अनेकांत हॉटेलं आहेत. ‘लिफ्ट नाही’ ही तक्रार परीक्षणांत वारंवार दिसते, पण संरक्षित इमारतीत लिफ्टसाठी भिंती फोडायची परवानगी सहजासहजी मिळत नाही. मोठी हॉटेलं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. ॲमस्टल नदीकाठचं सर्वांत ऐटबाज हॉटेल १८६७ चं, आणि १८८३ च्या जागतिक प्रदर्शनाच्या सुमारास आणखी काहींची भर पडली.

स्वस्त राहण्याचा इतिहास त्याहून मजेदार आहे. साठच्या दशकाच्या अखेरीस जगभरचे हिप्पी शहराच्या मध्यावरच्या दाम चौकातल्या स्मारकाच्या पायऱ्यांवर झोपू लागले. १९७० च्या उन्हाळ्यात तिथे झोपायला बंदी आली, दंगल झाली, आणि ऑगस्टमध्ये नौसैनिकांनी चौक रिकामा केला. मग काही वर्षं फोंडेलपार्कमध्ये झोपणं चालवून घेतलं गेलं, तेही १९७५ मध्ये थांबलं. फुकट येणारा पाहुणा नको असतो तेव्हा शहर नियम किती लवकर करू शकतं, ते तेव्हाच दिसलं होतं.

हाउसबोटी पर्यटकांसाठी आलेल्या नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर घरांची भीषण टंचाई होती आणि मालवाहतुकीतून बाद झालेल्या बोटी स्वस्तात मिळत होत्या, म्हणून लोक पाण्यावर राहायला गेले. आज शहरात साधारण २,५०० हाउसबोटी आहेत. बोट बांधायला नव्या जागा जवळजवळ मिळतच नाहीत, त्यामुळे बोटीपेक्षा तिच्या जागेलाच खरी किंमत. कायद्याच्या नजरेत हाउसबोट हे घर आहे, म्हणून पुढे सांगितलेले सगळे नियम तिलाही लागू होतात. काठावर बांधलेली बोट म्हणजे हॉटेलसारखी हवी तेवढे दिवस घेता येईल असं समजून निघालेल्यांची इथेच फसगत होते.

आताच्या भांडणाची मुळं विसाव्या शतकात नाहीत, २००४ ते २०१४ या दशकात आहेत. २००४ मध्ये शहराने स्वतःची जाहिरात जोरात सुरू केली आणि पुढे संग्रहालयांच्या चौकात ‘I amsterdam’ अशी लाल-पांढरी भलीमोठी अक्षरं उभी राहिली. २००७ मध्ये नगरपालिकेचंच धोरण होतं की २०१५ पर्यंत ९,००० नव्या हॉटेल-खोल्या व्हाव्यात. आज जी नगरपालिका ‘पर्यटक फार झाले’ म्हणते, तिनेच त्यांच्यासाठी गाद्या घालून ठेवल्या होत्या. यावर आता कुणी फारसं बोलत नाही. अक्षरं मात्र डिसेंबर २०१८ मध्ये उचलून नेली.

याच काळात अमेरिकेत सुरू झालेली घर-भाड्याची संकेतस्थळं आली. सुट्टीवर जाताना आपलं घर चार दिवस पाहुण्याला द्यायचं, ही कल्पना सुरुवातीला सगळ्यांनाच निरुपद्रवी वाटली. २०१४ मध्ये ॲमस्टरडॅमने तिला अधिकृत जागा दिली. स्वतःचं राहतं घर वर्षात ६० दिवसांपर्यंत द्या, एका वेळी चारहून जास्त पाहुणे नकोत, कर भरा. असं करणाऱ्या पहिल्या काही शहरांत त्याची गणना होते. एका मोठ्या संकेतस्थळाशी करार झाला आणि पर्यटन कर संकेतस्थळच गोळा करू लागलं. जानेवारी २०१७ पासून ६० दिवस भरले की जाहिरात आपोआप बंद होईल असंही ठरलं. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून प्रत्येक मुक्कामाची सूचना आधी नगरपालिकेला देणं सक्तीचं झालं. २०१९ पासून मर्यादा अर्ध्यावर, म्हणजे ३० रात्रींवर आली.

इथपर्यंत गोष्ट सरळ होती. गुंता झाला तो २०२० मध्ये, आणि ॲमस्टरडॅममधल्या निवासाबद्दल आज जे परस्परविरोधी सल्ले ऐकू येतात त्यांतले निम्मे या एका गुंत्यातून आले आहेत.

२९ जानेवारी २०२० रोजी देशाच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने निकाल दिला, तो साधारण असा: घर पर्यटकाला देणं म्हणजे ते तेवढा काळ राहण्याच्या घरांच्या साठ्यातून काढून घेणं. गृहनिर्माण कायद्यानुसार त्यासाठी परवाना लागतो. परवाना न देता ‘नुसती सूचना द्या आणि इतक्या दिवसांत आटपा’ अशी सूट नगरपालिकेला स्वतःच्या अधिकारात देता येत नाही. म्हणजे ६० दिवस, ३० रात्री, ऑनलाइन सूचना ही सहा वर्षं चाललेली पद्धत कायद्याच्या पायाशिवाय उभी होती. ज्या घरमालकांनी नियम काटेकोर पाळले तेही तत्त्वतः विनापरवाना भाडं घेत होते. आणि ज्यांना सूचना न दिल्याबद्दल हजारो युरोंचे दंड झाले, त्यांचे वकील खूश झाले. नगरपालिकेला हा निकाल चपराक वाटायला हवा होता, पण तिने त्यात संधी पाहिली. परवानाच लागणार असेल तर तो कुठे द्यायचा आणि कुठे नाही, हेही आपणच ठरवू.

१ जुलै २०२० पासून परवाना-पद्धत आली आणि तिच्याबरोबर तीन वस्त्यांत घर-भाड्यावर पूर्ण बंदी. बुर्गवालेनचे जुना आणि नवा असे दोन्ही भाग, ज्यांत लाल दिव्यांची वस्ती येते, आणि कालव्याच्या वर्तुळाची दक्षिण बाजू. रहिवाशांची मतं मागवली तेव्हा बहुसंख्य बंदीच्या बाजूने होते. त्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. शेजारच्या घरात दर तीन दिवसांनी नवी माणसं, पहाटे दगडी रस्त्यावरून खडखडत जाणाऱ्या चाकांच्या बॅगा, आणि ज्या गल्लीत पूर्वी बेकरी होती तिथे फक्त चीज आणि वॉफल विकणारी दुकानं. घरमालकांची बाजूही होती. कर्जाचे हप्ते, वर्षात एक महिना मिळणारं उत्पन्न, आणि गोंगाट करणारे पाहुणे प्रामुख्याने हॉटेलांतून व बारमधून येतात हा युक्तिवाद. शेवटचा मुद्दा सहज फेटाळता येत नाही, कारण या तीन वस्त्यांत हॉटेलं खच्चून भरलेली आहेत आणि त्यांना बंदी नव्हती.

मार्च २०२१ मध्ये जिल्हा न्यायालयाने बंदी रद्द केली. कारण तांत्रिक होतं. कायद्यात परवाना द्यायची सोय आहे, म्हणजे अटी पूर्ण करणाऱ्याला तो मिळालाच पाहिजे; संपूर्ण वस्तीत कुणालाच न देणं ही परवाना-पद्धत राहत नाही. रात्रींची मर्यादा किंवा कोटा घालता येईल, सरसकट ‘नाही’ म्हणता येणार नाही. माझ्या मते न्यायालय बरोबर होतं, पण शहराचं दुखणं ज्या वस्त्यांत होतं तिथे औषध पोहोचलं नाही हेही तितकंच खरं. त्यात त्या नऊ महिन्यांत महामारीमुळे पर्यटकच जवळजवळ नव्हते. त्यामुळे बंदीने काय साधलं असतं हे कधी तपासलंच गेलं नाही, आणि दोन्ही बाजू आजही आपापला निष्कर्ष सांगत बसतात.

दरम्यान १ जानेवारी २०२१ पासून राष्ट्रीय कायदा आला आणि पुढे जाहिरातीवर नोंदणी क्रमांक सक्तीचा झाला. प्रवाशाच्या दृष्टीने हाच सर्वांत उपयोगी बदल. क्रमांक नसलेलं घर कितीही स्वस्त दिसलं तरी हात लावू नये.

‘बेड अँड ब्रेकफास्ट’ हा प्रकार वेगळा, आणि बरेच जण दोन्हींची गल्लत करतात. यात मालक तिथेच राहतो, घराचा जास्तीत जास्त ४० टक्के भाग पाहुण्यांना देता येतो आणि रात्रींची मर्यादा नाही. ३० रात्रींच्या नियमातून सुटायचा हा सरळ रस्ता ठरू शकत होता, म्हणून त्यावरही परवाना आणि वस्तीनिहाय कोटा आला. चार पाहुण्यांची मर्यादा इथेही आहे. आजी-आजोबांसह सहा-सात जणांचं कुटुंब घेऊन निघालेल्यांनी हे आधीच लक्षात ठेवावं. ‘संपूर्ण घर, ८ जण’ अशी शहरातली जाहिरात दिसली तर शंका घ्यायला पूर्ण जागा आहे.

हॉटेलांवर लगाम उशिरा आला. २०१७ पासून नवं हॉटेल अपवादानेच, असं धोरण झालं. २०२१ मध्ये सुमारे ३०,००० सह्यांच्या नागरिक-अर्जातून एक उपविधी झाला, ज्यात वर्षाला कमाल २ कोटी पर्यटक-रात्रींची रेषा आखली गेली. २०२३ मध्ये एकट्या हॉटेलांतल्या रात्रीच २ कोटी ६ लाखांवर गेल्या. एप्रिल २०२४ मध्ये नियम आणखी आवळला. एक हॉटेल बंद झालं तरच दुसरं उघडेल, खाटा वाढणार नाहीत, आणि शक्यतो मध्यवर्ती भागाबाहेर. आधीच मंजूर झालेले प्रकल्प यातून सुटले. जागा वाढणार नाही म्हटल्यावर आत असलेल्यांचा दर कुठे जाणार, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको. घर-भाडं आवळणं आणि नव्या हॉटेलांना दार बंद करणं या दोन्हींचा फायदा जुन्या हॉटेलांना झाला, ही बाजू रहिवाशांच्या चळवळीत फारशी मांडली जात नाही.

करही असेच चढत गेले. २०० युरोंच्या मूळ दराची दोघांची खोली घेऊ. २०१८ मध्ये त्यावर ६ टक्के मूल्यवर्धित कर आणि मध्यवर्ती भागात ६ टक्के पर्यटन कर होता, म्हणजे बिल २२४ युरो. २०२० मध्ये ७ टक्क्यांवर माणशी रात्रीमागे सरसकट ३ युरो आले. महागड्या खोलीला ते जाणवले नाहीत, पण वसतिगृहातल्या २५ युरोंच्या खाटेवर ते थेट १२ टक्के. २०२४ पासून सरसकट रक्कम गेली आणि दर १२.५ टक्के झाला. १ जानेवारी २०२६ पासून निवासावरचा मूल्यवर्धित कर, जो मधल्या काळात ९ टक्के झाला होता, २१ टक्क्यांवर गेला. तीच खोली आता २६७ युरो. बुकिंगच्या पानावर पर्यटन कर दरात धरलाय की जागेवर द्यायचाय ते वेगवेगळं दाखवतात, त्यामुळे दोन हॉटेलांची नुसती आकड्यांवर तुलना केली तर ती हमखास चुकते.

या सगळ्यामुळे नकाशा बदलला. नवी हॉटेलं पश्चिमेकडच्या स्लोटरडाइकला, दक्षिणपूर्वेला आणि पाण्यापलीकडच्या उत्तर भागात गेली. उत्तरेला स्टेशनमागून फुकट फेरी जाते आणि जुलै २०१८ पासून मेट्रोही आहे. हार्लेम आणि झानदाम ही वेगळी गावं, पण रेल्वेने पाव तासाच्या आसपास. तिथला पर्यटन कर ज्या-त्या नगरपालिकेचा. आयटीतल्या मराठी कुटुंबांमुळे आपल्याकडे अनेकांचा मुक्काम शेजारच्या ॲमस्टलव्हीनला नातेवाइकांकडेच असतो. त्यांना वरचं काहीच लागू नाही, आणि खरं सांगायचं तर त्याच्याइतका चांगला सौदा शहरात नाही.

घर-भाड्याची मर्यादाही स्थिर राहिलेली नाही. मध्यवर्ती भाग आणि दे पाइप परिसरात १ एप्रिल २०२६ पासून ती ३० वरून १५ रात्रींवर आणायचं ठरलं. बंदी न्यायालयात टिकली नाही, म्हणून न्यायालयानेच मोकळी ठेवलेली वाट नगरपालिकेने धरली. घरमालकांचा त्याला विरोध आहे. संकेतस्थळांनी भाड्याची माहिती प्रशासनाला नियमित द्यावी हा युरोपीय संघाचा नियम २० मे २०२६ पासूनचा. त्यामुळे सोळाव्या रात्रीचा पाहुणा लपवणं याआधी होतं तितकं सोपं राहणार नाही.