घुबडाचं तोंड असं का?

पंचतंत्राच्या तिसऱ्या तंत्रात पक्ष्यांची सभा भरते. गरुडाचं आपल्या प्रजेकडे लक्ष नाही, म्हणून नवा राजा निवडायचं ठरतं आणि मान मिळतो घुबडाला. अभिषेकाची सगळी तयारी झालेली असताना कावळा टपकतो आणि म्हणतो, न रागावता ह्याचं तोंड असं, तर रागावल्यावर कसं दिसेल? झालं, सभा मोडते आणि घुबडाचं राज्य हुकतं.

दिसण्यावरून टोमणे खाणाऱ्या मुलाला ही गोष्ट आपलीच वाटेल. आमच्या यवतमाळ-अमरावतीकडचे पोट्टे एकमेकांना 'घुबडतोंड्या' म्हणून चिडवतात, तेव्हा त्यांनी पंचतंत्र वाचलेलं नसतं, पण कावळ्याचा धंदा त्यांना बरोबर जमतो. म्हणूनच 'तू आहेस तसाच छान आहेस' हे शिकवणारी, प्राण्यांची पुस्तकं हल्ली शाळांच्या वाचनकोपऱ्यात हौसेनं ठेवली जातात. माझी तक्रार त्यांतल्या घुबडाबद्दल आहे. ते चष्मा लावतं, दप्तर घेऊन शाळेत जातं, रडतं, शेवटी आई त्याला जवळ घेते. त्यात घुबडाचं असं काय उरलं?

ही निव्वळ माझी कुरकुर नाही. टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनी चार ते सहा वर्षांच्या मुलांवर केलेला एक प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. मुलांना आधी स्टिकर दिले आणि त्यांतले किती दुसऱ्यांसाठी ठेवता, ते पाहिलं. मग काहींना वाटून घेण्याची गोष्ट माणसांच्या पात्रांतून वाचून दाखवली, तर काहींना तीच गोष्ट कपडे घातलेल्या प्राण्यांतून. माणसांची गोष्ट ऐकलेली मुलं नंतर जास्त स्टिकर देऊ लागली. प्राण्यांची गोष्ट ऐकलेली मुलं उलट आधीपेक्षा कमी देऊ लागली. प्राण्यांना माणसासारखं मानणाऱ्या मुलांवर मात्र तिचा थोडा परिणाम झाला. प्रयोग वाटून घेण्याबद्दलचा होता, स्वतःला स्वीकारण्याबद्दलचा नव्हे, तेव्हा तो फार ताणू नये. पण कपडे घातलेला प्राणी आपल्यातला आहे, असं मुलं सहजासहजी धरून चालत नाहीत, एवढं त्यातून दिसतं.

मग खरंच घुबड का आणू नये?

पडक्या वाड्यात, बंद पडलेल्या जिनिंगच्या (कापसातली सरकी काढणाऱ्या गिरणीच्या) पत्र्याखाली राहतं ते गव्हाणी घुबड. त्याचा चपटा, बदामाच्या आकाराचा पांढरा चेहरा म्हणजे ताठ, दाट पिसांची कड आहे. आपण ऐकू येत नसलं की कानामागे हात धरतो, तसं ते कायमच धरून बसलेलं असतं. पिसांखाली कानाची दोन भोकं आहेत, तीही एक वर, एक खाली. उंदीर खालून खुडबुडला की दोन्ही कानांत आवाज सारखा पोचत नाही, आणि ह्या किंचित फरकावरून मेंदू जागा हेरतो. डोळे खोबणीत फिरत नाहीत, म्हणून सगळी मानच वळवावी लागते. तिच्यात १४ मणके असतात, आपल्या मानेत ७. कावळ्यानं नावं ठेवली तो चेहरा हा असा.

घुबड नुसत्या आवाजावर शिकार हेरतं, हे अमेरिकी संशोधक रॉजर पेन यांनी पडताळून पाहिलं. खोलीत मिट्ट काळोख केला, जमिनीवर वाळका पाला पसरला, त्यात उंदीर सोडला. घुबडानं तो अचूक पकडला. मग पाल्यातून कागदाचा बोळा ओढला, तर घुबडानं त्यावरही झडप घातली. म्हणजे वास नाही, उंदराच्या अंगाची ऊब नाही, नुसता आवाज! हेच पेन पुढे देवमाशांच्या गाण्यांमुळे जगाला माहीत झाले.

मुलांना ह्यापेक्षाही आवडतं ते घुबडानं ओकलेलं. हाडं आणि केस पचत नाहीत, त्यामुळे त्यांची काळपट गोळी तोंडावाटे बाहेर पडते. घुबड बसतं त्या तुळईखाली अशा गोळ्या सापडतात. एक वाळवून, हातमोजे घालून काडीनं सोडवली की करड्या केसांतून कवटी निघते, मग जबडा, मग बरगड्यांच्या काड्या. 'मॅडम, याचे दात तं नारंगी हायेत!' हे हमखास ऐकू येतं. उंदराच्या पुढच्या दातांच्या आवरणात लोह असतं, म्हणून तो रंग. काम झाल्यावर साबणानं हात धुवायचे, हे सांगावंच लागतं. एवढे उंदीर आपल्या कोठारातले गेले, हा हिशेब मात्र पोरं आपणहून करतात.

मोराची पिसं खोवून मिरवणाऱ्या कावळ्याची गोष्टही अशीच तपासून पाहावी. मोरपिसात निळा रंगकण नसतोच. असतं मेलॅनिन, कावळ्याला काळा करणारं तेच द्रव्य. मोराच्या पिसात त्याच्या सूक्ष्म कांड्या ठरावीक अंतरावर रचलेल्या असतात आणि त्या रचनेवरून परतणारा प्रकाश आपल्याला निळा-हिरवा दिसतो. पीस कुटून रचना मोडली की उरते तपकिरी पूड. शिवाय हा पिसारा पावसाळा सरता सरता दरवर्षी गळून जातो.

आणि घुबडांच्याच कुळातला आपला रानपिंगळा. १८८४ नंतर तो कुणाला मिळालाच नाही, संपला असं धरून चालले होते. १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ पुन्हा दिसला. आज त्याचा मोठा आसरा मेळघाटातलं सागाचं रान आहे. सकाळच्या उन्हात तो निष्पर्ण फांदीवर खुशाल उघडा बसतो आणि दिवसाढवळ्या शिकार करतो. घुबड म्हणजे अंधारात तोंड लपवणारं, असं लिहिणाऱ्यांनी एकदा सेमाडोहकडे चक्कर मारून यावी.