कासवाच्या पिल्लाला चालू द्या

कासवाची पिल्लं उचलून थेट समुद्रात सोडतानाचे व्हिडिओ दर उन्हाळ्यात मोबाइलवर फिरतात. त्याखाली कौतुक असतं: जीव वाचवला, पुण्य लागलं. कोकणातल्या कासव महोत्सवांतही पर्यटक कळवळून हेच विचारतात. दोन बोटांएवढं पिल्लू वाळूतून धडपडतंय, खळग्यात अडकतंय, मग घरटी राखणारे गावातले कासवमित्र त्याला उचलून पाण्यात का ठेवत नाहीत? या प्रश्नामागची माया खरी आहे. पण त्या थोड्याशा वाटेवर पिल्लाचं काय चाललेलं असतं, हे कळलं की पुढे केलेला हात आपण स्वतःच मागे घेऊ.

मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांच्या साथीने ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. त्याआधी अंडी सर्रास उकरून नेली जात. आता मादी अंडी घालून गेली की ती अलगद काढून कुंपणातल्या खड्ड्यात ठेवतात. साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं वाळूवर येतात आणि पाण्यापासून थोडं लांब सोडली जातात. पाहुणे गावातल्या घरांत उतरू लागले, जेवू लागले, आणि अंड्यांपेक्षा जिवंत कासवाचं मोल वाढलं. माणसाला निसर्गाशी जोडण्याचं इतकं सच्चं उदाहरण मला महाराष्ट्रात दुसरं दिसत नाही.

आता पिल्लाकडे वळू. एरवी, माणूस मध्ये नसताना, ही पिल्लं बहुधा रात्री वाळू थंडावल्यावर बाहेर पडतात. समुद्र कुठे आहे हे सांगायला आई नसते. मागे सुरूची झाडं, टेकाडं काळी आणि उंच दिसतात. समुद्राकडचं क्षितिज खाली आणि उजळ असतं. पिल्लू काळोखाच्या उंच भिंतीकडे पाठ करतं आणि खालच्या उजेडाकडे निघतं.

पाण्यात शिरल्यावर मात्र ही खूण संपते. डोळे पाण्याच्या पातळीला, चहूकडे लाटा. मग दिशा कशी कळते? लाटेतूनच! ही यंत्रणा मला विलक्षण सुंदर वाटते.

लाट किनाऱ्याकडे धावते, पण पाणी तिच्यासोबत धावत नाही. न फुटलेल्या लाटेतलं पाणी जवळजवळ जागच्या जागी गोल फिरतं. समुद्रात तरंगणारा नारळ नीट पाहिला तर दिसतं: वर जातो, लाटेच्या दिशेने थोडा सरकतो, खाली येतो, परत मागे जातो. त्या नारळाच्या जागी पिल्लू आहे असं समजा. तोंड लाटेकडे असेल तर त्याला हेलकावे बसतात ते वर, मागे, खाली, पुढे या क्रमाने. लाट पाठीमागून आली तर वर, पुढे, खाली, मागे. डावीकडून आली तर वर, उजवीकडे, खाली, डावीकडे. वर उचललं गेल्यावर पुढचा हेलकावा कोणत्या बाजूला बसतो, यावरून मिट्ट काळोखातही लाट कुठून येते ते कळतं. नव्वदच्या दशकात अमेरिकी जीवशास्त्रज्ञ केनेथ लोमन आणि सहकाऱ्यांनी पिल्लांना पट्ट्यात अडकवून, पाण्याबाहेर, अंधारात, यंत्राने असेच हेलकावे दिले. पाणी नसतानाही पिल्लं त्या न दिसणाऱ्या लाटेकडे तोंड वळवू लागली.

पण लाटेकडे तोंड म्हणजे खोल समुद्राकडे तोंड, हे कशावरून? उथळ पाण्यात लाटेचा वेग कमी होतो. तिरक्या आलेल्या लाटेचा जो भाग आधी उथळात शिरतो तो मागे पडतो, आणि सगळी लाट वळून किनाऱ्याला जवळपास समांतर होते. प्रकाशाचं वक्रीभवन शाळेत शिकतो, तेच हे. म्हणून किनाऱ्याजवळ लाटेला सामोरं जाणं म्हणजे सरळ बाहेर जाणं.

खोल पाण्यात हा भरवसा उरत नाही, कारण तिथल्या लाटा वाऱ्याप्रमाणे कुठूनही येतात. तोवर पिल्लाने पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या आधारे तीच दिशा धरलेली असते. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात टाकीतली पिल्लं आधी लाटांना सामोरी पोहली. लाटा थांबवल्यावरही त्यांनी दिशा सोडली नाही, पण भोवतालचं चुंबकक्षेत्र उलटं केल्यावर ती उलट वळली.  हे प्रयोग मुख्यतः लॉगरहेड या समुद्री कासवाच्या जातीवर झाले, ऑलिव्ह रिडले त्याच कुळातली.

ही दिशा जन्मजात ठरलेली असू शकत नाही, हे तर नकाशाच सांगतो. ओडिशाच्या गहिरमाथ्यावर ऑलिव्ह रिडलेच्या पिल्लाला समुद्र पूर्वेला मिळतो, वेळासला पश्चिमेला. जात एक, वाटा विरुद्ध. प्रत्येक पिल्लाला आपली दिशा जन्मल्यावर, त्या किनाऱ्यावर आणि त्या लाटांतच मिळवावी लागते. म्हणूनच त्याला उचलून नेऊ नये, ती वाट त्याला स्वतः चालू द्यावी. या प्रवासासाठी अंड्यातून आणलेल्या बलकाची शिदोरी असते, आणि तिच्यावर ते पहिला जवळपास अख्खा दिवस न थांबता पोहतं.

महोत्सवात पिल्लं सोडण्याआधी अर्धा तास मुलांना बसवून हे समजवायला हवं. पसरट टब, पाणी आणि एक बूच एवढ्यावर लाटेचे हेलकावे दाखवता येतात. आणि किनाऱ्यावर घरं, हॉटेलं असणाऱ्यांनी विणीच्या हंगामात समुद्राकडे तोंड करून लावलेले पांढरे दिवे रात्री बंद ठेवावेत. लावणं भागच असेल तर लालसर, मंद आणि वरून झाकलेला दिवा लावावा, ज्याचा उजेड वाळूवर पडणार नाही.