अ‍ॅफिलिएट मार्केटिंग, पॉडकास्टमधील

पॉडकास्टमधून, म्हणजे इंटरनेटवरून हवा तेव्हा ऐकता येणाऱ्या ध्वनिकार्यक्रमातून, एखाद्या वस्तूची किंवा सेवेची शिफारस करायची आणि श्रोत्याने दिलेल्या लिंकवरून किंवा कूपन कोड वापरून ती विकत घेतली, की विक्रेत्याकडून ठरलेले कमिशन घ्यायचे, अशी ही उत्पन्नाची पद्धत. प्रायोजक बहुधा भागामागे ठरावीक रक्कम देतो. इथे विक्री झाली तरच पैसे मिळतात. म्हणून श्रोते मोजके असलेल्या, प्रायोजक अजून न मिळालेल्या पॉडकास्टला ती जोडउत्पन्न म्हणून सोयीची पडते. ‘संलग्न विपणन’ हा पारिभाषिक शब्द लेखनात आढळतो. बोलण्यात मात्र ‘अ‍ॅफिलिएट’च रुळला आहे.

मुंबईच्या बाजारपेठेला हा व्यवहार मुळात अनोळखी नाही. काही जण त्याला अडतीचे नवे रूप म्हणतात. पण अडत्याच्या गाळ्यावर माल उतरतो, तो विकून अडत्या हिशेबाची पट्टी करून देतो आणि वसुलीची जोखीम बऱ्याच अंशी त्याच्याच डोक्यावर असते. दलाल मालाला हात लावत नाही. गिऱ्हाईक आणि व्यापारी यांची गाठ घालून देतो आणि सौदा झाला की दलाली घेतो. पॉडकास्ट करणारा माल साठवत नाही, बिल फाडत नाही, परत आलेली वस्तू ताब्यात घेत नाही. तेव्हा हे नाते अडतीपेक्षा दलालीशी जवळचे मानणे योग्य. महत्त्वाचा फरक एकच : बाजारात दलाल कोण, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते, पॉडकास्टच्या श्रोत्याला ते सांगावे लागते.

पद्धतीचा जनक कोण, याविषयी मतभेद आहेत. लोकप्रिय लेखनात श्रेय बहुधा अ‍ॅमेझॉनला दिले जाते. जुलै १९९६ मध्ये त्या कंपनीने ‘असोसिएट्स’ योजना सुरू केली. एका मेजवानीत कोणा बाईंनी घटस्फोटावरची पुस्तके आपल्या संकेतस्थळावरून विकता येतील का, असे कंपनीचे संस्थापक जेफ बेझोस यांना विचारले आणि त्यातून योजना सुचली, अशी आख्यायिका आहे. कालक्रम पाहता हे श्रेय टिकत नाही. सीडीनाऊ या संगीतविक्रेत्या कंपनीची ‘बायवेब’ योजना नोव्हेंबर १९९४ ची. गेफन रेकॉर्ड्स या ध्वनिमुद्रिका कंपनीला आपल्या पानावरून, पण स्वतः विक्रीचा व्याप न करता मुद्रिका विकायच्या होत्या, हे तिचे निमित्त. त्याहीआधी, १९८९ मध्ये, विल्यम टोबिन यांच्या ‘पीसी फ्लॉवर्स अँड गिफ्ट्स’चे दुकान प्रॉडिजी या संगणकजालावर उघडले होते आणि विक्रीतला वाटा प्रॉडिजीला जात होता. टोबिन यांनी एकस्वासाठी (पेटंटसाठी) जानेवारी १९९६ मध्ये अर्ज केला. ते मिळाले ३१ ऑक्टोबर २००० रोजी. अ‍ॅमेझॉनचा अर्ज १९९७ चा असूनही त्या कंपनीला एकस्व फेब्रुवारी २००० मध्येच मिळाले होते. गोंधळाचे एक कारण हा उलटा क्रम असावा. व्यवहाराचा पहिला नमुना टोबिन यांचा आणि त्याचा सार्वत्रिक प्रसार अ‍ॅमेझॉनचा, अशी वाटणी वस्तुस्थितीला अधिक धरून आहे.

‘पॉडकास्टिंग’ हा शब्द बेन हॅमर्सली यांच्या ‘द गार्डियन’मधील १२ फेब्रुवारी २००४ च्या लेखात प्रथम आला, असे सामान्यतः मानले जाते. संलग्न विक्रीची पद्धत तोवर संकेतस्थळांवर स्थिरावली होती, पण ती डोळ्यांसाठी घडलेली होती. वाचक लिंक पाहतो आणि दाबतो. ऐकलेल्या शब्दावर बोट ठेवता येत नाही, आणि या माध्यमातली जवळजवळ प्रत्येक तांत्रिक अडचण त्यातून येते.

सकाळच्या डोंबिवली लोकलमधला श्रोता घ्या. एक हात वरच्या कडीला, दुसऱ्याने पाठीवरची सॅक पुढे घेतलेली, मोबाइल खिशात आणि कानात इअरफोन. निवेदिकेने सुचवलेला मिक्सर त्याला पटतो. लिंक भागाच्या वर्णनात दिलेली असते, पण ती उघडायला हात मोकळा नाही. रात्री घरी त्याची आई स्वतःच्या मोबाइलवर मिक्सरचे नाव टाकून शोधते आणि मागवते. विक्री झाली ती शिफारशीमुळेच. निवेदिकेच्या खात्यात तिची नोंद नाही. लिंक उघडली तरी काम संपत नाही. अ‍ॅमेझॉनच्या योजनेत सर्वसाधारणपणे २४ तासांत खरेदी व्हावी लागते किंवा निदान वस्तू कार्टमध्ये पडावी लागते. मधेच ग्राहकाने दुसऱ्या कोणाची लिंक दाबली, तर शेवटच्या लिंकवाल्याला कमिशन मिळते.

यावरचा तोडगा म्हणजे बोलून सांगायचा कोड. तो बहुधा थेट ब्रँडकडून मिळतो. मोठ्या ऑनलाइन दुकानांचे काम मुख्यतः लिंकवर चालते. कोड एका दमात उच्चारता यावा आणि स्टेशन येईपर्यंत लक्षात राहावा. मराठी शब्दांचा कोड करताना रोमन लिपीची अडचण येते : ‘गप्पा’मध्ये ‘पी’ एक की दोन, शेवटी ‘ए’ किती? म्हणून निवेदकाला ‘के, ए, डबल टी, ए, कट्टा, आणि पुढे दहा’ असे सावकाश फोडून, दोनदा सांगावे लागते. असा कोड कूपन गोळा करणाऱ्या संकेतस्थळांवर पसरला, तर ज्यांनी भाग ऐकलेलाच नाही त्यांचीही खरेदी हिशेबात धरली जाते आणि आकडे फसवे होतात.

उत्पन्न सहसा तुटपुंजे असते. समजा, ४०० रुपयांच्या पुस्तकावर ५ टक्के मिळाले, तर हाती २० रुपये येतात. वस्तू परत गेली तर तेही नाहीत. अ‍ॅमेझॉनकडून पैसे येतात ते महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी. कमिशनवरील टीडीएसचा (देतानाच कापल्या जाणाऱ्या कराचा) दर १ ऑक्टोबर २०२४ पासून ५ वरून २ टक्के झाला.

मुंबईच्या श्रोत्यांना कानावर पडणारी जाहिरात नवी नाही. विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या त्या १ नोव्हेंबर १९६७ रोजी, मुंबई-पुणे-नागपूर केंद्रांवरून. तिथे मात्र जाहिरातीचा आवाज वेगळा, जिंगल वेगळी. कार्यक्रम कुठे थांबला ते लहान मुलालाही कळे. पॉडकास्टमध्ये मैत्रीच्या सुरात बोलणारा आवाजच वस्तूही सुचवतो. श्रोता वस्तू घेतो ती त्या आवाजावरच्या विश्वासाने, म्हणून इथली लपवाछपवी अधिक गंभीर मानली पाहिजे.

मुंबईतच मुख्यालय असलेल्या, जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमनासाठी १९८५ मध्ये स्थापन झालेल्या अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडियाने १४ जून २०२१ पासून लागू केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत ध्वनिमाध्यमासाठी स्वतंत्र कलम आहे. आर्थिक संबंधाची सूचना भागाच्या सुरुवातीला, शेवटी आणि मधल्या प्रत्येक विश्रांतीच्या आधी व नंतर बोलून द्यायची. केवळ वर्णनात लिहिणे त्यामुळे पुरेसे ठरत नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल शिफारस करणाऱ्यालाही १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. डीमॅट खात्यांच्या (शेअर ठेवण्याच्या खात्यांच्या) लिंक देणाऱ्या गुंतवणूकविषयक पॉडकास्टना आणखी एक मर्यादा आहे. नोंदणीशिवाय गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्यांशी किंवा परताव्याचे दावे करणाऱ्यांशी पैशाचा अथवा ग्राहक मिळवून देण्याचा संबंध ठेवण्यास सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या नियंत्रणाखालील संस्थांना मनाई केली.

कौन्सिलच्या तत्त्वांनुसार आर्थिक संबंधाची सूचना इंग्रजीत किंवा जाहिरातीच्या भाषेत चालते. मराठी भागात ती मराठीतच, पुढच्या धर्तीवर द्यावी : ‘या लिंकवरून घेतलंत तर आम्हाला कमिशन मिळतं, तुम्हाला जास्त पैसे पडत नाहीत.’ कोडवर सवलत मिळत असेल, तर वाक्याचा उत्तरार्ध त्याप्रमाणे बदलावा. पूर्वार्ध मात्र गाळू नये.