इंधन संपत आलंय, हे साहेबांना कोण सांगणार?

२८ डिसेंबर १९७८ च्या संध्याकाळी युनायटेड एअरलाइन्सचं एक डीसी-८ विमान अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराच्या आसपास तासभर घिरट्या घालत होतं. चाकं खाली सोडताना मोठा धक्का बसला होता आणि ती लॉक झाल्याचा हिरवा दिवा लागत नव्हता. कॅप्टन मुरलेले. प्रवाशांची नीट तयारी झाल्याशिवाय उतरायचं नाही, असं त्यांनी ठरवलं आणि त्यासाठी अजून पंधरा मिनिटं धरली. त्यावर फ्लाइट इंजिनिअर एवढंच म्हणाला, की पंधरा मिनिटांत इंधन फारच खाली जाईल. ‘आत्ताच्या आत्ता उतरा’ असं ना तो म्हणाला, ना सहवैमानिक.

थोड्याच वेळात इंजिनं एकेक करत बंद पडली आणि विमान शहराच्या वस्तीत कोसळलं. आत १८९ माणसं होती. दहा जण गेले, त्यात फ्लाइट इंजिनिअरही होता. चाकं लॉक झालेलीच होती, हे चौकशीत कळलं. बिघडला होता तो दिवा लावणारा स्विच. अहवालात कॅप्टनवर ठपका आला, पण बाकीच्या दोघांनाही धोका पुरता उमगला नाही किंवा तो कॅप्टनच्या गळी उतरवता आला नाही, अशीही नोंद झाली.

आपल्याकडे हे समजायला विमानात बसायची गरज नाही. ‘सर, जरा एकदा बघून घ्या ना’ या वाक्यामागे डेडलाइन हुकणार आहे, क्लायंट भडकलाय किंवा हिशोबच जुळत नाहीये, यातलं काहीही असू शकतं. बोलणाऱ्याला वाटतं, आपण सांगितलं. ऐकणाऱ्याला वाटतं, काही विशेष नाही.

या आणि अशा अपघातांनंतर १९७९ मध्ये नासाने वैमानिकांच्या वागण्यावर एक कार्यशाळा घेतली आणि १९८१ पासून युनायटेडने आपल्या वैमानिकांना एकत्र काम करण्याचं वेगळं प्रशिक्षण सुरू केलं. कनिष्ठांनी शंका स्पष्ट शब्दांत मांडायची, वरिष्ठांनी ती मागून घ्यायची. काही जुन्या कॅप्टन मंडळींनी याची भरपूर टिंगल केली.

१९ जुलै १९८९ ला याच कंपनीच्या डीसी-१० विमानाचं शेपटीतलं इंजिन हवेत फुटलं आणि तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाल्या. विमान वळवायलाच काही उरलं नाही. कॅप्टन अल हेन्स यांनी प्रवाशांत बसलेल्या एका प्रशिक्षक वैमानिकाला कॉकपिटमध्ये घेतलं आणि त्याच्या हाती थ्रॉटल दिले. चौघांनी मिळून, उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमी-जास्त करत विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणलं. २९६ पैकी १८४ जण वाचले. सगळ्यांचं ऐकून घेतलं म्हणूनच तिथवर पोचलो, असं हेन्स नंतर भाषणांतून सांगत.

याचा अभ्यासाच्या अंगाने माग काढला तो हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी. नव्वदच्या दशकात त्या रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका मोजत होत्या. चांगल्या टीमच्या चुका कमी असणार, हा अंदाज. आकडे आले ते उलटे: चांगल्या टीमच्या नावावर चुका जास्त! मग उलगडा झाला. तिथल्या नर्स चुका बोलून दाखवत होत्या, म्हणून त्या नोंदल्या जात होत्या. जिथे चूक कबूल केली की खैर नाही, तिथली नोंदवही स्वच्छ होती. ‘आमच्याकडे एकही तक्रार नाही’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्या मॅनेजरकडे मी तेव्हापासून संशयानेच पाहतो.

निर्धास्तपणे बोलता येण्याच्या या वातावरणाला एडमंडसन मानसिक सुरक्षितता म्हणतात. गूगलने आपल्या १८० च्या आसपास टीम तपासल्या, तेव्हाही टीममध्ये कोण आहे यापेक्षा हाच मुद्दा वरचढ ठरला. २०१० मध्ये ६९९ लोकांवर केलेल्या एका प्रयोगात गटाचं यश सगळ्यात हुशार सदस्यावर फारसं अवलंबून नव्हतं. एकदोघेच बोलत राहिले, ते गट मागे पडले. मात्र इथे सगळे एकमेकांशी गोड वागतात असा अर्थ काढू नये. कामाची अपेक्षा कडकच राहते, शिक्षा होत नाही ती वाईट बातमी आणणाऱ्याला. लोणावळ्याच्या रिसॉर्टवर रस्सीखेच खेळून हे येईल असं वाटत नाही. रस्सीखेचीचंच म्हणाल, तर रिंगलमन या फ्रेंच अभियंत्याने शंभरेक वर्षांपूर्वीच दाखवलंय की आठ जण मिळून ओढताना माणशी जोर जवळपास निम्म्यावर येतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी एक चेकलिस्ट काढली. तिच्यात चीर देण्याआधी प्रत्येकाने आपलं नाव आणि काम मोठ्याने सांगायचं असतं. एकदा तोंड उघडलेला माणूस पुढे अडलं तर पुन्हा बोलतो, असा त्यामागचा विचार. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली तेव्हा मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. पुढे कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांताने ती सक्तीची केली. २०१४ मध्ये तिथल्या १०१ रुग्णालयांचे आकडे प्रसिद्ध झाले, तर मृत्यूंमध्ये लक्षात येण्याजोगा फरक नव्हता. कारणांवर वाद झाले. पण चेकलिस्ट पाळल्याचं बहुतेक सगळ्यांनी कळवलं होतं, आणि ऑपरेशन थिएटरमध्ये खरोखर कोण काय बोललं, हे कुणी मोजलं नव्हतं.