दाखल क्रमांक आणि वर्गांक : एका पुस्तकाचे दोन नंबर

‘मॅडम, पुस्तकाचा नंबर कुठला लिहू?’ हा प्रश्न ठाण्यातील आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात दर वर्षी नव्या सहायकाकडून येतो, आणि उत्तर देण्याआधी मला विचारावे लागते की दाखल क्रमांक हवा आहे की वर्गांक.

बिलाप्रमाणे पुस्तके तपासून घेतली की दाखल नोंदवहीत प्रत्येक प्रतीसाठी एक ओळ भरली जाते. तारीख, लेखक, शीर्षक, प्रकाशक, पाने, किंमत, विक्रेता, बिल क्रमांक असे तपशील तिच्यात असतात आणि त्या ओळीचा अनुक्रम म्हणजे दाखल क्रमांक. पुस्तकाच्या विषयाशी त्याचा काडीचाही संबंध नसतो. 12451 वर पाककृतींचे पुस्तक असेल, तर 12452 वर संख्याशास्त्राचे असू शकते. एकाच कादंबरीच्या 3 प्रती घेतल्या तर दाखल क्रमांकही 3 पडतात. प्रत हरवली किंवा वाळवी लागल्यामुळे बाद करावी लागली, तरी शेऱ्याच्या रकान्यात तशी नोंद करून ती ओळ तशीच ठेवायची असते. रिकामा झालेला क्रमांक नव्या पुस्तकाला दिला, तर साठा पडताळणीच्या वेळी कोणती प्रत गेली आणि कोणती आली, याचा मेळ कधीच बसत नाही.

वर्गांक पुस्तकाचा विषय सांगतो. मेल्विल ड्यूई यांनी 1876 मध्ये प्रसिद्ध केलेल्या दशांश वर्गीकरणाप्रमाणे मराठी कथा-कादंबऱ्यांना 891.463 आणि पाककलेला 641.5 हा अंक मिळतो, त्यामुळे वर उल्लेखलेल्या तिन्ही प्रतींचा वर्गांक एकच राहतो आणि त्या कपाटात शेजारी शेजारी बसतात. दाखल क्रमांक एकदा दिला की कायमचा असतो, वर्गांक मात्र बदलू शकतो. संगणकाची जुनी पुस्तके 001.64 खाली असत. 1989 च्या विसाव्या आवृत्तीत हा विषय 004 ते 006 मध्ये गेला आणि अनेक ग्रंथपालांना कण्यावरची लेबले बदलावी लागली.

दोन्ही अंकांतील फरक मला सर्वांत स्पष्ट दिसतो तो पावसाळ्यात. ठाण्याच्या दमट हवेत डिंकाने लावलेली लेबले सुटतात आणि जुलैमध्ये कपाटाखाली त्यांचे कपटे सापडतात. लेबल गेलेले पुस्तक हातात आले की आम्ही शीर्षकपानामागचा शिक्का पाहतो, त्यातला हाताने लिहिलेला दाखल क्रमांक वाचतो, त्यावरून नोंद काढतो आणि नवे लेबल चिकटवतो. खाली पडलेल्या कपट्यावर नुसते 891.463 असेल, तर त्यावरून मात्र पुस्तक शोधता येत नाही, कारण तो अंक शेकडो कादंबऱ्यांना लागू पडतो.

पुस्तके दाखल क्रमांकानेच कपाटात लावण्याची पद्धत काही जुन्या ग्रंथालयांत अजून आढळते. वाचकाने छापील यादीतला क्रमांक चिठ्ठीवर लिहून द्यायचा आणि कर्मचाऱ्याने आतून पुस्तक आणायचे, अशी बंद कपाटे असतील तर ती निभावते, पण वाचकाला स्वतः कपाटापाशी जाऊ द्यायचे असेल तर ती सोडून द्यावी, असे माझे ठाम मत आहे. वाचकाचा वेळ वाचवा, हे भारतीय ग्रंथालयतज्ज्ञ डॉ. रंगनाथन यांनी 1931 मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र. बागकामाची पुस्तके 10 कपाटांत विखुरलेली असतील, तर ते पाळता येणारच नाही.

बारकोड आल्यापासून गोंधळ थोडा वाढला आहे. पुष्कळ ठिकाणी बारकोडात दाखल क्रमांकच घातलेला असतो, आणि विद्यार्थी संगणकाच्या पडद्यावरून तोच अंक उतरवून घेऊन कपाटे धुंडाळत बसतात. म्हणून नव्या सहायकाला मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवते की देवघेवीच्या नोंदीत आणि दंडाच्या पावतीवर दाखल क्रमांक लिहायचा, कण्यावर वर्गांक आणि त्याखाली लेखकाची आद्याक्षरे लिहायची, आणि वाचकाला कपाटाकडे पाठवताना त्याच्या हातातल्या चिठ्ठीवर वर्गांकच आहे ना, हे एकदा पाहून घ्यायचे.